डावी गाठ

"इथं सही कर, शकुनबाई. सही नसेल जमत तर अंगठा दे, तोही चालते." देवानंद साहेबांनी कागद पुढे केला. पेनाचं टोपणसुद्धा त्यांनीच काढून दिलं.

शकुनबाईनं पेन घेतलं नाही. हात ओले होते हे एक, आणि तिचं लक्ष कागदाकडे नव्हतंच हे दुसरं. तलावाच्या सांडव्याजवळ बेशरमाची झुडपं माजली होती. त्यांच्यात अडकलेल्या कॅरीबॅगांकडे ती पाहत होती. काळ्या, पांढऱ्या, निळ्या. काही फुगून वर आलेल्या, काही अर्ध्या बुडालेल्या. त्यांच्या मधोमध पोट वर करून चार रोहू तरंगत होते.

"काय लिवलं हाय जी यात?"

"पंचनामा आहे. सदर कचरा ढिवरमोहल्ल्यातील रहिवाशांनी टाकलेला असून, वगैरे वगैरे. तू घंटागाडीवर काम करते, वरून त्याच मोहल्ल्यातली. तुझ्याहून पक्का साक्षीदार कुठून आणू मी?"

देवानंद साहेब नगरपंचायतीचे स्वच्छता निरीक्षक होते. माणूस तसा वाईट नव्हता. पण कागद पूर्ण झाला की काम पूर्ण झालं, असं मानणाऱ्या जमातीतला होता, आणि ती जमात सरकारी इमारतींत कधी कमी पडत नाही.

शकुनबाईनं वाकून जवळची एक पिशवी ओढली. तिच्यावरचं शेवाळ अंगठ्यानं पुसलं. "हे आमच्या मोहल्ल्यातली नोहे साहेब. आनंदराव गुरुजीच्या घरची हाय."

"नाव लिहिलं आहे का तिच्यावर?"

"गाठ हाय ना."

साहेब हसले. घंटागाडीचा ड्रायव्हर संघपाल मात्र हसला नाही. तो चार वर्षं शकुनबाईच्या जोडीला होता, आणि हसून फसलेला होता.

"हे पाहा," साहेबांचा आवाज थोडा खाली आला, "गुरुवारी सभा आहे. सकाळी दहापर्यंत मले हा कागद सहीसकट पाहिजे. नाहीतर ठेकेदाराले सांगावं लागेल, की तुमची बाई काम करत नाही. मग माझ्या हाती काही राहत नाही, समजून घे."

शकुनबाईला समजायचं ते समजलं होतं.

लाखनीच्या अलीकडे महामार्गाला चिकटून असलेलं खैरटोला नऊ वर्षांपूर्वीपर्यंत साधं गाव होतं. मग नगरपंचायत झाली आणि गावाला आपण शहर झाल्यासारखं वाटू लागलं. शहराला घंटागाडी लागते, म्हणून घंटागाडी आली. शहराला बगीचा लागतो, तो नव्हता. तलाव होता. मालगुजारांच्या काळातला, ढिवर लोक ज्याला तरा म्हणतात असा. त्यात मासे धरायचा ठेका ढिवरांच्या मच्छीमार संस्थेकडे होता आणि त्या पाण्यावर मोहल्ल्यातली साठ घरं जेवत होती. आता तिथं पायवाट, रंगीत दिवे आणि पायानं चालवायच्या बदकाच्या आकाराच्या बोटी येणार होत्या. ती बदकं आणि ढिवर एकाच पाण्यात मावत नव्हते. ठेका रद्द करायला कारण पाहिजे होतं, आणि ते आता या चार मेलेल्या रोहूंच्या शेजारी तरंगत होतं. मच्छीमारच तलाव घाण करतात. फक्त खाली एका ढिवराची सही तेवढी राहिली होती.

शकुनबाई मारबते गेली नऊ वर्षं घंटागाडीच्या मागच्या पायरीवर उभी होती. पहिल्या दिवसापासूनची ती एकटीच. ड्रायव्हर तीन बदलले, ठेकेदार दोन बदलले, गाडीवर वाजणारं गाणंही बदललं. शकुनबाई तीच, निळा कोट तोच.

ढिवराच्या घरातलं पोर पाटी-पेन्सिल धरायच्या आधी जाळ्याची सुई धरतं. जाळ्यात एक गाठ सैल राहिली तर मासा नेमकी तीच शोधून काढतो, हे तिला सहाव्या वर्षी आजोबांनी डोक्यात टपली मारून शिकवलं होतं. त्यामुळे गाठीकडे तिची नजर आपोआप जायची. आणि अख्खं खैरटोला आपला कचरा गाठ मारूनच द्यायचं. प्लास्टिकबंदीचा फलक नगरपंचायतीच्या दारावर होता, पिशव्या मात्र प्रत्येक दारात होत्या.

बँकेतल्या साहेबांची बायको पिशवीचे दोन्ही कान ओढून गाठ मारायची, ती हटकून गळायची. मेडिकलवाला रबर चढवायचा. पतसंस्थेतल्या चंदा मॅडम पिशवीच्या तोंडाला नुसता पीळ देऊन ते आत खोचायच्या, नखांचा रंग जाऊ नये म्हणून. आणि आनंदराव गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, सुतळीचे तीन वेढे देऊन वर फासगाठ मारायचे. बोर्डाचे पेपर बांधून तपासायला पाठवल्यासारखी. पिशवी हातात आली की शकुनबाईला घर दिसायचं. मुद्दाम शिकावं लागलं नाही. रोज दळण दळणाऱ्या गिरणीवाल्याला डबा कोणाचा हे विचारावं लागतं का?

आणखी एक गोष्ट होती. ओला आणि सुका कचरा वेगळा केला नसेल तर शकुनबाई पिशवी घ्यायची नाही. नियमच तसा होता, पण नियम पाळणारी ती एकटीच, म्हणून लोकांना तो तिचा तोरा वाटायचा. "दोन डब्बेच ठेवाले सांगून राहिली जी, हत्ती पोसाले नाई," असं म्हणत ती पिशवी उघडून पाहायची आणि तशीच बांधून परत द्यायची. लोक पिशवी घरात नेत. पण परत आलेली ती पिशवी पुढे कुठे जाते, हा प्रश्न तिला नऊ वर्षांत पडला नव्हता. आज सांडव्यावर पडला.

आणि एवढ्या गावाचा कचरा उचलणाऱ्या शकुनबाईच्या मोहल्ल्यात घंटागाडी येत नव्हती. गल्ली अरुंद असून गाडी वळत नाही, असा शेरा कागदावर होता. तिनं तीन अर्ज केले, तिन्हींवर तोच शेरा आला. ती आपल्या घरचा कचरा बादलीत घालून रोज सकाळी स्वतः गाडीवर न्यायची. शेजाऱ्यांचं काय, ते कोण जाणे. कोणी जाळायचं, कोणी पुरायचं.

बुधवारी दुपारी काम आटोपून ती घरी आली आणि ओसरीवर जाळं सांधत बसलेल्या नवऱ्याला म्हणाली, "अजी, डोंगा काढा."

इश्वर मच्छीमार संस्थेचा सचिव होता. सचिव म्हणजे ज्याच्या घरी संस्थेचा शिक्का आणि फुटकी खुर्ची असते तो. "आता? या उन्हाचं कोनतं मासं भेटते?"

"मासे नाई धराचे. पिशव्या धराच्या हायत."

नवरा-बायको डोंग्यात, संघपाल काठावर. तासाभरात सांडव्याजवळचं पाणी मोकळं झालं. काठावर एकेचाळीस पिशव्या आल्या. जाळं ओढल्यावर काठावर मासळी निवडतात, मरळ इकडे, रोहू तिकडे, झिंगे टोपलीत, तशी शकुनबाई उकिडवी बसून पिशव्या निवडू लागली. संघपाल पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांवर ती सांगेल ती नावं लिहीत होता.

"चंदा मॅडम. मेडिकल. हे बी मेडिकल. बँकवाले. हे गुरुजीची, हे बी गुरुजीची."

"मावशी, एक खोलून पाहू का?" संघपालला राहवेना. "तुह्यावर भरोसा हाय, पन उद्या लोक इचारतीन."

"पाह्य ना बाबू."

त्यानं पीळ दिलेली पिशवी उघडली. आतून विजेचं फाटकं बिल निघालं. त्यावर चंदा मॅडमचं नाव नवऱ्याच्या नावासकट होतं.

"बाप्पा! मले त तुह्यापासून दूरच राह्यलं पायजे," तो म्हणाला.

चार पिशव्यांची ओळख पटेना. त्या तिनं बाजूला ठेवल्या. संघपाल म्हणाला, कोणाच्या तरी नावावर घालून टाकू. ती म्हणाली, "नाई. देवानंद साहेब हेच करून राहिले ना, कोनाच्या बी नावावर घालून?"

मग राहिल्या सात. त्या तिला लांबूनच दिसल्या होत्या आणि तिनं त्या शेवटाला ठेवल्या होत्या. सातही पिशव्यांना जाळ्याची गाठ होती. अशी गाठ खैरटोल्यात ढिवराशिवाय कोणी मारत नाही. इश्वरनं मान फिरवली आणि डोंग्यातलं पाणी उपसू लागला.

सहा घरं तिनं ओळखली. सातवी पिशवी हातात घेतली आणि हात तिथंच थांबला.

गाठ जाळ्याचीच, पण उलटी. वेढा डावीकडून आलेला. मोहल्ल्यात डावखुरी बाई एकच होती. आंधळगावहून सून होऊन आली तेव्हा तिला जाळ्याची सुई धरता येत नव्हती, कारण तिच्या माहेरी सगळे शेतीत. शकुनबाईनं तिला दोन पावसाळे समोर बसवून शिकवलं. गाठ पक्की बसायची, पण उलटी बसायची. सासू-सून दोघी त्यावर हसायच्या.

इश्वरनं येऊन पाहिलं. त्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता, तरी त्याला दिसायचं ते दिसलं.

"मातीत गाड ते अथीच," तो हळूच म्हणाला. "कोनाले दिसलं?"

"मले दिसलं ना."

"अवं, तीस पिशव्या त्यायच्याच हायत. उद्या बोलाले उभं राहाचं, त अगोदर आपलंच नाक कापून घेतं का?"

शकुनबाई पिशवी घेऊन घराकडे चालू लागली.

रिता चुलीपाशी भात उपसत होती. आठ महिन्यांची नीतू पाळण्यात झोपली होती. सासूनं पिशवी समोर ठेवली. रितानं गाठ पाहिली आणि झारा खाली ठेवला. नाही म्हणाली नाही, हे तिचं चांगलं.

"नीतूच्या लंगोट्या हायत. दुकानातल्या, फेकाच्या."

"मंग माह्या बादलीत काहून नाई टाकल्या? मी रोज नेतो ना."

रिता चुलीकडे पाहत बोलली. "दिवसभर गावाचं उचलता तुमी, आई. लोकाच्या लेकराचं, लोकाच्या म्हाताऱ्याचं. घरी आल्यावर पाच-पाच डाव साबनानं हात धुता, मंग नीतूले घेता. मी पाहतो ना. आपल्या घरचं तरी तुमच्या हाताले नोको लागाले, असं वाटलं मले. तरा एवढा मोठा हाय, एका पिशवीनं काय होते, म्हनलं."

शकुनबाईला रागही आला आणि रडूही आलं. नऊ वर्षांत तिच्या हातांचा असा विचार कोणी केला नव्हता. नगरपंचायतीनं नाही, ठेकेदारानं नाही, इश्वरनंसुद्धा नाही. हातमोजेसुद्धा पाहुणे अधिकारी यायच्या दिवशी मिळायचे आणि फोटो झाला की परत घेतले जायचे. ज्या एका जिवानं विचार केला, त्यानं तलाव नासवला. पोरीला दोन शब्द सुनवावे की पोटाशी धरावं, हे तिला कळेना.

"पोरी," ती शेवटी म्हणाली, "माह्या हाताले घान लागली त साबनानं निंगते. तऱ्याले लागली त कोन धुनार व?"

रिता रडू लागली. शकुनबाईनं तिला रडू दिलं. भात गार होत होता, तोही होऊ दिला.

"उद्या सकारी हे पिशवी आपल्या दारात ठेवनार हावो मी. सगळ्याइच्या पयले. घंटी वाजवून."

"मोहल्ल्यासमोर?"

"मोहल्ल्यासमोर."

रितानं पदरानं नाक पुसलं. "मंग मी बी दारात उभी राहीन. तुमी एकल्या कायले?"

गुरुवारी सकाळी साडेसहाला संघपाल गाडी घेऊन आला. पिशव्या चिठ्ठ्यांसकट मागे रचलेल्या होत्या. शकुनबाई पायरीवर चढली आणि म्हणाली, "पयले आपल्या मोहल्ल्यात घे."

"गाडी वळत नाई म्हनतेत ना तथी?"

"वळवू नोको. उलटी घाल."

संघपालनं गाडी उलटी घातली. दोन्ही बाजूंना हातभर जागा राहिली. नऊ वर्षं आणि तीन अर्ज ज्या गल्लीत अडकले होते तिच्यात गाडी पाच मिनिटांत शिरली. शकुनबाईला त्या क्षणी देवानंद साहेबांपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला. हे आधी का नाही सुचलं? कागदावर लिहिलं म्हणून आपणही मानून बसलो.

गाणं बंद होतं. तिनं नुसती घंटी वाजवली. लोक दारांत आले. मुलं चड्डी सावरत आली. शकुनबाई उतरली आणि काळी पिशवी आपल्याच उंबऱ्यावर ठेवली.

"हे शकुन मारबतेच्या घरची हाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "गाठ आमची, कचरा आमचा. काल तऱ्यातून काढली."

रिता दारात उभी होती, नीतूला कडेवर घेऊन. मान खाली होती, पण ती घरात गेली नाही.

बाकीच्या सहा घरांत फार वाद झाला नाही. जिनं स्वतःच्या सुनेची पिशवी आधी दारात ठेवली तिच्याशी कोण भांडणार? फक्त तिचा दीर गोपीचंद, ज्याच्या दारात दुसरी पिशवी ठेवली गेली, तो खेकसला. "वैनी, तू कोनाकडून हायस? आमच्याकडून का त्यायच्याकडून?"

"तऱ्याकडून," ती म्हणाली आणि पायरीवर चढली.

मग गाडी गावात गेली. घंटी ऐकून लोक नेहमीसारखे कचरा घेऊन बाहेर आले आणि कचरा घेणारी बाई आज कचरा देऊ लागली. बँकेच्या साहेबांच्या बायकोनं पिशवी पाहून दार लावून घेतलं, पिशवी बाहेरच राहिली. मेडिकलवाल्यानं आधी हात जोडले, मग पिशव्या गुपचूप आत नेल्या. चंदा मॅडम म्हणाल्या, "आमची कशावरून?" संघपालनं विजेचं बिल अदबीनं पुढे केलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "तरी म्हटलं हे बिल कुठे गेलं!"

आनंदराव गुरुजींच्या दारात मात्र गर्दी जमली. गुरुजी तलाव सुशोभीकरण समितीचे अध्यक्ष होते. सकाळी तलावावर फिरून येऊन अंगणात वर्तमानपत्र वाचत बसलेले. शकुनबाईनं सुतळीच्या तीन वेढ्यांच्या दोन पिशव्या फाटकाजवळ ठेवल्या.

"हे काय आहे?"

"तुमचा कचरा हाय गुरुजी. तऱ्यात सापडला."

"कशावरून माझा? उद्या कोणीही उठेल आणि कोणाच्याही दारात घाण आणून टाकेल. अराजक आहे का हे?"

"गाठ तुमची हाय जी."

"गाठीला काय कायदा असतो?" गुरुजी उठून उभे राहिले. "पोलिसांत देईन मी तुला. उघड, उघड पाहू सगळ्यांसमोर!"

गुरुजींनी हे म्हणायला नको होतं. शकुनबाईनं फासगाठ सोडली, तीन वेढे उलगडले. आत भाज्यांची सालं, दाढीचा फेस लागलेला कागद, लाखनीच्या मिठाईचा रिकामा डबा, आणि तळाशी भिजून चिकटलेला छापील पत्रिकांचा गठ्ठा. संघपालनं वरची एक पत्रिका सोडवून मोठ्यानं वाचली. "तलाव वाचवा, गाव सजवा. निमंत्रक, श्री. आनंदराव..."

गर्दीत कोणीतरी खुदकन हसलं.

"मग तू घेतली का नाहीस ती पिशवी त्या दिवशी?" गुरुजी ओरडले. "मी दारात आणून दिली होती! ओला-सुका एकत्र आहे म्हणून तूच परत केलीस ना?"

आता गर्दी उघडच हसली. आपण काय बोललो ते गुरुजींना थोडं उशिरा कळलं.

शकुनबाई हसली नाही. "हो जी, मीच वापस केली होती," ती म्हणाली. "तेच तं सांगून राहिली. माह्या हातून वापस गेलेली पिशवी मले ओळखू येनार नाई का? पन वापस केली ते दोन डब्ब्यांत निवडाले केली होती, गुरुजी. तऱ्यात टाकाले नाई."

दहाला पाच कमी असताना गाडी नगरपंचायतीसमोर उभी राहिली. देवानंद साहेब पायऱ्यांवरच होते. सकाळपासून त्यांचा फोन वाजत होता आणि त्यांचा चेहरा पाहिल्यावर कोणाकोणाचे फोन आले असतील ते सांगायची गरज नव्हती.

"शकुनबाई, तुला कोणी सांगितलं होतं हा तमाशा करायला? पाच नगरसेवकांच्या दारात पिशव्या ठेवल्या तू!"

"त्यायच्याच होत्या जी." तिनं उरलेल्या चार पिशव्या पायरीवर ठेवल्या. "या चार कोनाच्या ते मले मालूम नाई. म्हनून कोनाच्या नावावर नाई टाकल्या. आना तुमचा कागद."

साहेबांना जरा धीर आला. त्यांनी कागद काढला, पेनाचं टोपण काढलं.

"आता मी सांगतो ते लिवा. एकेचाळीस पिशव्या सापडल्या. तीस गावाच्या, जथी गाडी रोज घंटी वाजवते. सात ढिवरमोहल्ल्याच्या, जथी गाडी नऊ वर्सांत गेली नाई, अन् आज पाच मिंटात गेली. त्यातली एक माह्या घरची. चार बेवारस. हे लिवा, खाली अंगठा नाई, पुरी सही करतो. शकुन इश्वर मारबते."

"असा पंचनामा नसते."

"मंग माही सही बी नसते."

"तुझी नोकरी जाईल, समजते का तुला?" साहेब ओरडले नाहीत. खरं तर त्यांचा आवाज थोडा विनवणीचाच होता. "तुझ्या भल्यासाठी सांगतो आहे. एका सहीचा प्रश्न आहे."

"नऊ वर्सं तुमच्या गावाची घान हातानं उचलली साहेब, लाज नाई वाटली. हे एक कागद उचलाची लाज वाटते."

ती वळली आणि पायऱ्या उतरली. मागे वळून पाहायचं नाही असं तिनं ठरवलं होतं आणि ते तिला जमलं. गाडीपाशी येऊन तिनं पायरीची दांडी धरली.

सभेत तलावाचा विषय अकरावा होता. तो आला तेव्हा कोणीतरी सहीचा पंचनामा मागितला, तो नव्हता. मग कोणीतरी म्हणालं की पिशव्यांच्या संदर्भात आधी चर्चा व्हावी, आणि पिशव्यांच्या संदर्भात चर्चा करायला त्या दिवशी कोणीच उत्सुक नव्हतं. विषय पुढे ढकलला गेला. संस्थेचा ठेका राहिला. कायमचा नाही, पण त्या उन्हाळ्यापुरता तरी राहिला. इश्वरनं संध्याकाळी रजिस्टर काढून तेवढंच लिहिलं आणि शिक्का मारला.

त्याच संध्याकाळी ठेकेदाराच्या माणसाचा फोन आला. उद्यापासून येऊ नको, कोट परत दे. शकुनबाई "बरं" म्हणाली. फोन ठेवून तिनं कोट धुवायला काढला. नऊ वर्षं ती ज्या वेळी उठत होती त्या वेळी दुसऱ्या दिवशीही उठली. अंगण झाडलं, पाणी भरलं, आणि मग काही सुचेना. तलावावरून गाडीचं गाणं ऐकू आलं तेव्हा ती उगाचच घरात गेली.

सोमवारी सकाळी घंटी गल्लीच्या तोंडाशी वाजली.

संघपालनं गाडी उलटी आत घातली होती. ढिवरमोहल्ल्याचं नाव अजून कोणत्याच कागदावर आलं नव्हतं, पण त्यानं कोणाला विचारलंही नव्हतं. मागच्या पायरीवर नवी बाई उभी होती. मंदाबाई, गावातल्या स्टेशनरीच्या दुकानामागे राहणारी. साध्या साडीवर, कोट नसलेली. शकुनबाईला पाहून ती बावरली आणि पायरीवरून खाली उतरली.

"मावशी, मी तुमची जागा मागाले नाई गेली होती," ती घाईघाईनं म्हणाली. "त्यायनं बोलावलं."

"माहीत हाय व माय. तुह्या घरी बी चूल हाय." शकुनबाई आत गेली आणि निळा कोट घेऊन आली. धुतलेला, घडी घातलेला. बाहीचं उसवलेलं तिनं काल जाळ्याच्या दोऱ्यानं सांधलं होतं. "घे. खिशात साबनाची वडी हाय. अन् हातमोजे माग. रोज माग, देयेपर्यंत."

मंदाबाईनं कोट छातीशी धरला.

रिता दोन बादल्या घेऊन बाहेर आली, एक ओल्याची, एक सुक्याची. बादल्या खाली ठेवून तिनं ओसरीवरची नीतूच्या लंगोट्यांची वेगळी काळी पिशवी उचलली. सगळ्यांसमोर तिनं ती डाव्या हातानं बांधली, गाठ ओढून घट्ट केली. मग ती पुढे करणार, इतक्यात शकुनबाईनं तिच्या हातून घेतली आणि स्वतः मंदाबाईसमोर धरली.

"हे गाठ नीट पाहून ठेव," ती म्हणाली. "हे आमच्या घरची. कधी दुसरीकडे कुठी दिसली, तं माह्या दारात आनून दे. घंटी वाजवून."